आयव्हीएफच्या गरोदरपणात फीटल इको करायचा का? चिपळूणच्या मैत्रिणीला उत्तर

फीटल इको (पोटातल्या बाळाच्या हृदयाची सविस्तर सोनोग्राफी) करायचा की नाही, हा तुझा प्रश्न नीट वाचला. वय ३४, इक्सी (एकच शुक्राणू सुईने बीजांडात सोडून केलेलं आयव्हीएफ) करून पाच दिवसांचा एक गोठवलेला भ्रूण ट्रान्सफर केला, एकच बाळ, आता १७ आठवडे. एनटी स्कॅन (बाळाच्या मानेमागच्या पाण्याची जाडी मोजणारा) आणि डबल मार्कर (डाऊन सिंड्रोमसारख्या दोषांची शक्यता सांगणारी रक्तचाचणी) दोन्ही व्यवस्थित, थायरॉइडची गोळी चालू. डॉक्टर म्हणाल्या, "आयव्हीएफ आहे तर फीटल इको केलेला बरा, पण सक्ती नाही," आणि त्या "सक्ती नाही"नेच तुझी झोप उडवली आहे. सासूबाई म्हणतात एवढ्या सोनोग्राफ्या पोराला सोसायच्या नाहीत. नवरा म्हणतो तू ठरव. आणि तुला वाटतंय, शोधायला गेलं की काहीतरी निघणारच.

माझं मत आधीच सांगते: करून घे. एकदाच, २० ते २२ आठवड्यांच्या दरम्यान, आणि हे काम नेहमी करणाऱ्या माणसाकडे. मी डॉक्टर नाही. माझी मुलगी आयव्हीएफची आहे, आणि त्यानंतर बऱ्याच जणींबरोबर असे रिपोर्ट घेऊन बसले आहे, त्या आधारावर लिहिते.

आधी भीतीचा आकडा बघू, कारण "आयव्हीएफच्या बाळांना हृदयाचे दोष जास्त" एवढंच अर्धवट वाक्य सगळीकडे फिरत असतं. डेन्मार्क, फिनलंड, नॉर्वे आणि स्वीडन या चार देशांतल्या सुमारे ७७ लाख मुलांच्या नोंदी तपासून २०२४ मध्ये युरोपियन हार्ट जर्नलमध्ये एक मोठा अभ्यास आला. नैसर्गिकरीत्या गर्भ राहून जन्मलेल्या मुलांत मोठ्या हृदयदोषांचं प्रमाण १.१५ टक्के निघालं, आयव्हीएफ-इक्सीच्या मुलांत १.८४ टक्के. म्हणजे हजारात ११-१२ च्या जागी १८. जोखीम वाढते हे खरं, पण हजारातल्या ९८० हून जास्त बाळांना असा दोष नसतो हेही त्याच आकड्यात आहे. त्यातही जुळ्यांत प्रमाण जास्त, २.४७ टक्के, आणि एकच बाळ असेल तर १.६२. तुझं एकच आहे. साधं आयव्हीएफ की इक्सी, ताजा भ्रूण की गोठवलेला, याने फारसा फरक पडलेला दिसला नाही, त्यामुळे "आम्ही फ्रोझन केलं म्हणून झालं का" हा विचार डोक्यातून काढून टाक. दोष प्रयोगशाळेतल्या प्रक्रियेमुळे येतो की मूल न राहण्यामागे जे कारण होतं त्यामुळे, हे अजून कुणालाही नक्की वेगळं काढता आलेलं नाही. तू काही केलंस किंवा केलं नाहीस म्हणून हे होत नाही.

तुझ्या डॉक्टरांनी "सक्ती नाही" म्हटलं ते टाळाटाळ म्हणून नव्हे. अमेरिकेतल्या माता-गर्भ वैद्यक संस्थेने २०२२ मध्ये आयव्हीएफच्या गरोदरपणासाठी सूचना दिल्या, त्यात सविस्तर ॲनॉमली स्कॅन (बाळाचे सगळे अवयव तपासणारी, पाचव्या महिन्यातली सोनोग्राफी) करावाच असं ठामपणे आहे, आणि फीटल इकोबद्दल मात्र "देऊ करावा" एवढीच सौम्य भाषा आहे. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४ मध्येही आयव्हीएफसाठी तो "करणं वाजवी" या गटात ठेवला होता. आईला आधीपासून मधुमेह आहे, आई-वडील किंवा आधीच्या मुलाला हृदयदोष आहे, एनटी जाड आली आहे, एकाच वारेवरची जुळी आहेत, अशा बायकांना डॉक्टर "करायचाच" म्हणून सांगतात. तुला यातलं काही नाही. थायरॉइडची गोळी हे इकोचं कारण होत नाही, तेवढ्यापुरती निर्धास्त राहा.

मग मी तरी "कर" का म्हणते? कारण आपल्याकडे सगळं अवलंबून आहे ते ॲनॉमली स्कॅनमध्ये हृदय किती बघितलं जातं यावर. २० आठवड्यांना बाळाचं हृदय साधारण द्राक्षाच्या मण्याएवढं असतं आणि मिनिटाला १२० ते १६० वेळा धडधडत असतं. त्यात चार कप्पे दिसले, की पुष्कळ ठिकाणी रिपोर्टवर "हृदय नॉर्मल" लिहून मोकळे होतात. पण काही मोठे दोष असे आहेत की चारही कप्पे अगदी सुबक दिसतात आणि गडबड असते ती बाहेर निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांमध्ये. सगळ्यात महत्त्वाचा म्हणजे टीजीए: महाधमनी आणि फुप्फुसाकडे जाणारी धमनी यांची अदलाबदल. टेट्रालॉजी ऑफ फॅलो हा चार बिघाड एकत्र असलेला दोषही असाच, नुसत्या चार कप्प्यांच्या दृश्यात हातातून निसटू शकतो. म्हणून तुझ्या ॲनॉमली स्कॅनच्या रिपोर्टमध्ये "फोर चेंबर" याच्याबरोबर "एलव्हीओटी", "आरव्हीओटी" आणि "थ्री व्हेसल व्ह्यू" ही नावं (हृदयातून बाहेर जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांची दृश्यं) आहेत का बघ. ती असतील आणि स्कॅन करणारी व्यक्ती फीटल मेडिसिनची असेल, तर हृदयाचं बरंचसं काम तिथेच झालेलं असतं. नसतील, तर फीटल इको तुझ्यासाठी जवळजवळ गरजेचाच आहे असं मी म्हणेन.

टीजीएचं एक उदाहरण सांगते, कारण या तपासणीचा उपयोग तिथे सगळ्यात स्वच्छ दिसतो. आमच्या ओळखीतल्या एकीच्या बाळाला फीटल इकोत टीजीए निघाला. बाळंतपण गावातल्या नर्सिंग होममध्ये ठरलं होतं, ते मुंबईत हलवलं. पोटात असताना अशा बाळाला काहीच त्रास नसतो, कारण ऑक्सिजन वारेतून येतो. जन्मानंतर काही तासांत ते दोन दिवसांत हृदयाजवळची एक जोडवाहिनी आपोआप बंद होऊ लागते आणि बाळ निळं पडतं. ती वाहिनी उघडी ठेवायला प्रोस्टाग्लँडिनचं सलाइन सुरू करावं लागतं, कधी फुग्याच्या कॅथेटरने वरच्या दोन कप्प्यांमधलं भोक मोठं करावं लागतं, आणि मग पहिल्या दोन-तीन आठवड्यांत धमन्या जागच्या जागी बसवायची शस्त्रक्रिया. त्यांचं बाळ जन्मलं तेव्हा एनआयसीयूत सगळं तयार होतं. हेच बाळ घाटाच्या खाली जन्मलं असतं, तर निळं पडलेलं लेकरू घेऊन रात्री ॲम्ब्युलन्सने कुंभार्ली घाट चढायची वेळ आली असती. इकोने बाळ कुठे जन्माला येणार हे बदललं, आणि ते मूल आता शाळेत जातं.

"काही निघालं तर गर्भपातच करावा लागेल ना" हे तू लिहिलं आहेस. नाही. जे निघतं त्यातलं पुष्कळसं किरकोळ असतं, दोन खालच्या कप्प्यांमधलं छोटं भोक वगैरे, आणि अशी काही भोकं आपोआप बुजतात. शस्त्रक्रिया लागणारे दोषही आज बऱ्याच अंशी नीट होतात. फार गुंतागुंतीचा दोष असेल तर निर्णय तुमचा दोघांचा राहील. कायदा एवढाच माहीत असू दे: २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भात गंभीर दोष असल्यास २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो, त्यापुढे सरकारी वैद्यकीय मंडळाची परवानगी लागते. म्हणून २४-२५ आठवड्यांवर इको ढकलू नकोस. दुसरं मत घ्यायला, रडायला, घरच्यांशी बोलायला हातात दिवस हवेत.

आठवडे मोजताना एक लक्षात ठेव. आयव्हीएफमध्ये पाळीच्या तारखेवर विसंबायचं नाही. पाच दिवसांचा भ्रूण ट्रान्सफर झाला तो दिवस म्हणजे २ आठवडे ५ दिवस. त्या तारखेपासून १२१ दिवस पुढे गेलीस की २० आठवडे पुरे होतात आणि १३५ व्या दिवशी २२. ॲनॉमली स्कॅन १९ व्या आठवड्यात चिपळूणलाच करून घे, आणि त्याचा रिपोर्ट व प्रिंट घेऊन इकोला जा. दोन्ही एकाच फेरीत होतील असं केंद्र मिळालं तर फारच उत्तम. तुला कोल्हापूर किंवा पुणे पडेल. गाडीतल्या धक्क्यांनी बाळाला काही होत नाही, पण कंबर धरते, मध्ये पाटण-कराडला उतरून पाय मोकळे कर.

अपॉइंटमेंटच्या फोनवर विचार की फीटल इको कोण करतं. लहान मुलांचे हृदयतज्ज्ञ किंवा फीटल मेडिसिनचे डॉक्टर असतील तर ठीक. "आमच्याकडे मोठ्यांचा टू-डी इको होतो, तेच करून देतील" असं उत्तर आलं तर सरळ दुसरीकडे जा. खर्च काही हजारांत जातो आणि विमा बहुतेक वेळा देत नाही. इक्सीवर तुम्ही जे घातलं आहे त्यापुढे ही रक्कम लहान आहे, पण ती तुमच्या खिशाला लहान आहे का हे तुम्हीच ठरवायचं. फाइलवर मोठ्या अक्षरात "प्रेशस प्रेग्नन्सी" (फार मोलाचं गरोदरपण) लिहिलं असलं की आपण प्रत्येक तपासणीला हो म्हणत सुटतो, याची मला चीड आहे. ही तपासणी त्या शब्दामुळे नको करूस. वर सांगितलेल्या कारणांसाठी कर.

आधार कार्ड ने, फॉर्म एफ (गर्भलिंगनिदान बंदी कायद्याखालचा सोनोग्राफीचा अर्ज) भरून सही करावी लागेल, कारण हीसुद्धा सोनोग्राफीच आहे. आणि म्हणूनच सासूबाईंना सांग की यात एक्स-रेसारखे किरण नसतात, ध्वनिलहरी असतात. त्यांच्या पिढीने गरोदरपणात एकही स्कॅन न करता मुलं वाढवली आहेत, त्यांची काळजी खोटी नाही. त्यांना शक्य झालं तर बरोबर घेऊन जा.

आत गेल्यावर अर्धा-पाऊण तास लागतो, आणि त्यातला बराच वेळ डॉक्टर एक शब्द बोलत नाहीत. ही शांतता मला फार जड गेली होती. आमची मुलगी पाठ वर करून पालथी झोपली होती, पाठीच्या कण्याची सावली हृदयावर पडत होती, म्हणून मला उठवून फिरून यायला सांगितलं. मी जिना चढून उतरून आले तोवर मनात नाही नाही ते येऊन गेलं. दुसऱ्या वेळी ती कुशीवर वळली आणि सगळं स्पष्ट दिसलं. तुलाही फिरायला किंवा दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं तर त्याचा अर्थ दोष सापडला असा लावू नकोस. सुरुवातीलाच म्हण, "डॉक्टर, बघून झालं की लगेच सांगाल का?" बहुतेक जण सांगतात.

रिपोर्टमध्ये "इकोजेनिक इंट्राकार्डियाक फोकस" दिसलं तर घाबरू नकोस. डाव्या कप्प्यात एक पांढरा ठिपका, झडपेच्या दोऱ्यांना धरणाऱ्या स्नायूवर. हा हृदयदोष नाही. डाऊन सिंड्रोमच्या शक्यतेशी त्याचा अगदी क्षीण संबंध लावतात, आणि तुझी त्याची चाचणी चांगली आली आहे, त्यामुळे डॉक्टरांना एकदा विचारून विषय सोडून दे. या ठिपक्याने महिनाभर जेवण न गेलेल्या बायका मी बघितल्या आहेत.

समजा खरंच काही निघालं, तर पैशांच्या विचाराने त्याच रात्री खचू नकोस. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात हृदयदोष येतात, महात्मा फुले जन आरोग्य योजनेत लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रिया आहेत, आणि खारघरला श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयात मुलांच्या हृदयशस्त्रक्रिया मोफत होतात. इको करणाऱ्या डॉक्टरांनाच विचार की बाळंतपण कुठे व्हावं आणि जन्मल्यावर पहिल्या तासात कुणाला फोन करायचा.

इको नॉर्मल आला तरी काही गोष्टी त्यात दिसतच नाहीत. वरच्या कप्प्यांमधलं भोक आणि ती जोडवाहिनी पोटात असताना सगळ्याच बाळांना उघडी असतात, म्हणून त्यांचं निदान आधी होत नाही. खालच्या कप्प्यांमधलं अगदी बारीक भोक आणि महाधमनीचा हलका आकुंचनदोषही निसटतो. त्यामुळे बाळ २४ ते ४८ तासांचं झालं की उजव्या हाताला आणि एका पायाला ऑक्सिमीटर लावून घे, चिमटा लावण्याएवढंच काम आहे. दोन्हीकडे ९५ किंवा वर आणि हात-पायात ३ पेक्षा जास्त फरक नाही, तर ठीक. तुमच्या नर्सिंग होममध्ये हे आपणहून करतात का ते आत्ताच विचारून ठेव, आणि करत नसतील तर डिस्चार्जच्या आधी बालरोगतज्ज्ञांकडून करून घ्यायचं हे नवऱ्याला सांगून ठेव. त्या दिवशी तुला सुचणार नाही, त्याला सुचेल.