कॉर्नरिंग लॅम्पसाठी वरचं मॉडेल घ्यावं का? ते नेमके चालतात कसे?

वरच्या मॉडेलला कॉर्नरिंग लॅम्प आणि ॲडॅप्टिव्ह हेडलाइट आहेत, ते दोन्ही एकच का आणि त्यासाठी जादा पैसे घालावेत का, असं तुम्ही विचारलंय. तुमचा मित्र म्हणतो, "हे चोचले आहेत, खालचं मॉडेल घे आणि जास्त पॉवरचे एलईडी बल्ब टाक." नेमकं हेच वाक्य मी माझ्या थोरल्या भावाच्या तोंडून कित्येक वर्षं ऐकतोय, म्हणून लिहायला बसलो. कराडला माझं ऑटो इलेक्ट्रिकचं काम आहे. हेडलाइट हा रोजच्या हाताखालचा विषय.

2017 चा ऑगस्ट. चिपळूणला आत्याच्या तेराव्याला गेलो होतो, निघायला रात्रीचे दहा वाजले. गाडी दादाची, चालवत होता दादाच. महिन्याभरापूर्वी त्याने हॅलोजन काढून एलईडी बल्ब बसवून घेतले होते. मी नाही म्हणालो म्हणून दुसरीकडून. पोफळी मागे पडली, कुंभार्ली घाट लागला. वर पाऊस, समोर धुकं. त्या बल्बांचा पांढराफटक उजेड धुक्यावर आपटून परत आमच्याच डोळ्यांत येत होता. दादा म्हणत होता, "बघ, कसा दिवस केलाय."

चढावर एक डावं वळण आलं, पार उलटं फिरणारं. दादाने गाडी वळवायला घेतली तेव्हा उजेड समोरच्या कठड्यावरून थेट दरीत गेला. बॉनेटचं तोंड जिकडे, उजेड तिकडे. आम्हाला जायचं होतं डावीकडे आणि तिथे मिट्ट काळोख. त्या काळोखात मोबाइलची बॅटरी जोरजोरात हलताना दिसली आणि "ओ! ओ!" असा ओरडा ऐकू आला. दादाने ब्रेक दाबला. चाकाखाली काहीतरी कडाकडा मोडलं. टेंपोवाल्यांनी खूण म्हणून रस्त्यावर टाकलेली झाडाची फांदी होती ती. गाडी थांबली तेव्हा बंपरपासून दीड-दोन हातांवर टेंपो होता, जॅकवर चढवलेला, आणि त्याच्याखालून गुडघ्यांपर्यंत दोन पाय बाहेर आलेले. एका पायात चप्पल नव्हती. माणूस सरकत बाहेर आला. काही बोलला नाही, आमच्या बॉनेटवर हात टेकून नुसता उभा राहिला. बॅटरी हलवणारा त्याचा क्लीनर, मिसरूडही न फुटलेला पोरगा. त्या रात्री आम्हा सगळ्यांना त्याने वाचवलं.

दादा घरी येईपर्यंत एकच म्हणत होता, "वळणावर टेंपो लावतात का?" बंद पडलेली गाडी जागा बघून बंद पडत नाही. पुढच्या आठवड्यात तो आणखी मोठे बल्ब शोधायला लागला. आमचं भांडण तिथून आजतागायत चालू आहे.

आता तुमचं. कॉर्नरिंग लॅम्प म्हणजे बाजूला तोंड करून बसवलेला स्थिर दिवा. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत फॉग लॅम्पच हे काम करतो. वेग साधारण 40 च्या आत असताना स्टीअरिंग बरंच फिरवलं किंवा इंडिकेटर दिला, की त्या बाजूचा दिवा लागतो. बस. मोटर नाही, हलणारं काही नाही, बिघडण्यासारखंही फारसं नाही. ॲडॅप्टिव्ह म्हणून विकतात ते वळणारे हेडलाइट वेगळे. त्यात स्टीअरिंगचा कोन, वेग आणि गाडी स्वतःभोवती किती फिरतेय हे सेन्सर सांगतात आणि छोटी मोटर प्रोजेक्टरच, म्हणजे उजेड फेकणारा भिंगाचा भागच, वळवते, फार तर 15 अंशांच्या आसपास.

इथे लोक फसतात. "वळणारा हेडलाइट घेतला, घाटाचं काम झालं," असं म्हणतात. कागदावर मांडून बघा. 200 मीटर त्रिज्येच्या लांब वळणावर पुढचा 50 मीटरवरचा रस्ता तुमच्या नाकासमोरच्या रेषेपासून 7 अंश बाजूला असतो. तिथे मोटर पुरते, हायवेवर तिचा खरा उपयोग. पण 15 मीटर त्रिज्येच्या घाटवळणावर 20 मीटर पुढचा रस्ता 38 अंश बाजूला असतो. 15 अंश वळून काय होणार? तिथे बाजूचा साधा कॉर्नरिंग लॅम्पच लागतो. एका गिऱ्हाइकाची असा दिवा असलेली गाडी घेऊन मी मुद्दाम रात्री त्याच वळणावर गेलो. स्टीअरिंग डावीकडे फिरवलं आणि गटाराची कड, चुना फासलेले दगड, दरडीतून सुटलेली माती, सगळं उजळलं. टेंपो जिथे उभा होता ती जागा लख्ख दिसत होती.

दादा या सगळ्याला नवीन मार्केटिंग म्हणतो. पण 1967 साली फ्रान्समध्ये सित्रोएनने डीएस गाडीला आतले दोन दिवे केबलने स्टीअरिंगला जोडून वळते केले होते. कॉम्प्युटर नव्हता, नुसत्या तारा होत्या.

ॲडॅप्टिव्ह या शब्दावर मात्र विश्वास ठेवू नका, सेल्समनला खोदून विचारा. कधी त्याचा अर्थ नुसता आपोआप अप्पर-डिपर होणं एवढाच असतो. मॅट्रिक्स नावाचा हेडलाइट वेगळा, त्यात बरेच छोटे एलईडी असतात. आरशामागचा कॅमेरा समोरच्या गाडीचे दिवे ओळखतो आणि फक्त तिच्यावर पडणारे एलईडी विझवतो, बाकी अप्पर तसाच राहतो. ऑडीने 2013 मध्ये ए8 ला दिलं तेव्हा एका हेडलाइटच्या अप्परमध्ये असे 25 एलईडी होते. आमच्या भागात उसाच्या हंगामात टेललाइट नसलेल्या ट्रॉल्या रस्त्याने जातात. समोरून येणाऱ्यासाठी डिपर दिला की ट्रॉली दिसेनाशी होते. मॅट्रिक्समध्ये ट्रॉलीवरचा उजेड टिकतो, कारण तिला दिवेच नाहीत.

मित्राला सांगा, हॅलोजनच्या रिफ्लेक्टरची प्रत्येक वक्रता फिलॅमेंटच्या, म्हणजे बल्बमधल्या तारेच्या, जागेवरून ठरलेली असते. एलईडीचे चिप्स त्या जागी, त्या आकारात बसत नाहीत. उजेड विस्कटतो, डिपरचा उजेड वर जिथे थांबतो ती रेघ पुसली जाते आणि समोरचा मोटारसायकलवाला आंधळा होतो. डावीकडची कड दिसावी म्हणून आपल्या डिपरचा उजेड डाव्या बाजूला थोडा वर उचललेला असतो, तोही बिघडतो. कंपनीतून एलईडीसाठीच बनून आलेला हेडलाइट ही वेगळी गोष्ट, तो उत्तम असतो.

पैसे घालावेत का? महिन्यातून चार रात्री घाट किंवा गावाकडचे अरुंद रस्ते असतील तर कॉर्नरिंग लॅम्पसाठी घाला, सनरूफसाठी घालू नका. शहरातच फिरणार असाल तर खालचं मॉडेल पुरे. मॅट्रिक्सचा हेडलाइट फुटला तर खर्च मोठा येतो आणि पुढची काच बदलली की कॅमेरा परत कॅलिब्रेट करावा लागतो, म्हणजे त्याची नजर पुन्हा नीट जुळवून घ्यावी लागते, हेही धरून चाला. दाट धुक्यात यातलं काहीही फार मदत करत नाही, वेगच कमी करावा लागतो. घेण्याआधी गाडी शोरूमच्या तळघरात नेऊन भिंतीजवळ स्टीअरिंग पूर्ण फिरवून बघा. बाजूची भिंत उजळली पाहिजे.

आणि कुठलीही गाडी घेतलीत तरी डॅशबोर्डवर 0 ते 3 अशी हेडलाइट वर-खाली करायची चकती असेल तर ती वापरा. मागे तीन माणसं आणि डिकीत सामान असलं की गाडीचं नाक वर होतं आणि डिपर लोकांच्या डोळ्यांत जातो.

दादा, तू हे वाचशील. जुने हॅलोजन होल्डर मी दुकानात जपून ठेवलेत. रविवारी गाडी घेऊन ये, बसवून भिंतीवर फोकस लावून देतो.