पणजोबा नको, आधी आजचा सातबारा काढा

पणजोबांचं नाव आणि गाव एवढंच माहीत आहे, ते शेती करायचे, घरात कागद एकही नाही, मग त्यांची माहिती काढायची कुठून, असं तुम्ही विचारलंय. सुरुवात पणजोबांपासून करू नका. ती जमीन आज ज्यांच्या नावावर आहे, त्यांच्या सातबाऱ्यापासून करा, मग ते परके का असेनात. त्यावर फेरफारांचे, म्हणजे मालकी-हक्कात झालेल्या बदलांच्या नोंदींचे, नंबर असतात. एकेक फेरफार काढत मागे जायचं. अडतं ते एकत्रीकरणापाशी, म्हणजे जमिनीचे तुकडे एकत्र करण्याच्या योजनेपाशी, कारण तिथे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. अशा वेळी भूमी अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरणाचा ९(३), ९(४) चा उतारा घ्या, जुना नंबर त्यात सापडतो.

फेरफारात नुसतं नाव शोधू नका, पूर्ण मजकूर वाचा. आमच्या घरात सगळे सांगायचे की पणजोबा ऐंशी वर्षं जगले. हाती आला १९१९ चा वारस फेरफार, आणि त्यात दोन्ही मुलांच्या नावापुढे 'अ.पा.क. आई'. म्हणजे अज्ञान पालनकर्ती आई. पोरं सज्ञानसुद्धा नव्हती तेव्हा बाप गेलेला!

मग तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४ मागितला, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही, जिला लोक कोतवाल बुक म्हणतात. दोनदा 'वाळवीनं खाल्लं' असं ऐकून परत आलो, तिसऱ्या खेपेला ते दप्तर निघालं. ऑक्टोबर १९१८ चं पान, मोडी लिपीत. मृत्यूच्या कारणाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत ताप, ताप, ताप. इन्फ्लुएन्झाची साथ ती. पणजोबांचं वय तिथे ३२ लिहिलंय. चार ओळी खाली त्याच घरातली दोन वर्षांची मुलगी. तिचं नाव आमच्यात कुणीच कधी ऐकलेलं नव्हतं.

ऐंशी वर्षं जगले ते त्यांचे चुलतभाऊ निघाले, नाव तेच. म्हणून सांगतो, जुन्या नोंदीत आडनाव बहुतेकदा नसतं, 'अमुक बिन तमुक', म्हणजे तमुकचा मुलगा अमुक, एवढंच असतं. बापाचं नाव जुळल्याशिवाय माणूस आपला धरू नका. (मी दोन वर्षं भलत्याच माणसाचे उतारे गोळा करत होतो.)

गहाणाचे फेरफारही सोडू नका. पणजी एकटी पडल्यावर दोन एकर गहाण पडलेले दिसतात, आणि सुटल्याची नोंद थेट १९३४ ची. मधली सोळा वर्षं त्या घरात काय चाललं असेल याचा अंदाज मला तिथूनच आला.

मोडी वाचणारी माणसं आता पूर्वीपेक्षा सहज भेटतात. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधात बऱ्याच जिल्ह्यांनी जुनी रजिस्टरं स्कॅन करून संकेतस्थळावर टाकलीत, तीही आधी चाळा, एखादी खेप वाचेल.

तुमचा जिल्हा तेवढा कळवा. मराठवाड्यातला असेल तर निजामाच्या काळचं बरंच दप्तर उर्दूत असतं, तिथे नुसता मोडीवाला पुरणार नाही, आणि खासरा पत्रक, म्हणजे तिथलं जमिनीचं जुनं नोंदपत्रक, तेही काढावं लागेल.