पर्जन्यवन वाचवायला जमीन विकत घ्यायची आहे. लातूरच्या शेतकऱ्यांनी ती कुठं आणि कशी घ्यावी?

प्रश्न असा आहे: लातूर जिल्ह्यातले सहा शेतकरी मित्र आहेत, मिळून तीस लाख जमतात. अ‍ॅमेझॉनमध्ये नाहीतर सह्याद्रीत पर्जन्यवनाची जमीन घ्यायची आणि ती कधीच तुटू द्यायची नाही. हे जमेल का?

जमेल. पण तीसचे तीस लाख जमिनीत घालू नका. जमीन घेऊन पैसा संपला की राखणीला काही उरत नाही आणि पाच वर्षांत त्याच रानात कुऱ्हाड चालते. हिशोब पुढे दिला आहे.

अ‍ॅमेझॉनचं आधी उरकतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार भारतात राहणाऱ्या माणसाला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी नेता येते, त्यातून जमीनही घेता येते. अडचण तिकडची आहे. ब्राझीलमध्ये परदेशी माणसाच्या ग्रामीण जमीनखरेदीवर 1971 च्या कायद्यानं मर्यादा आहेत आणि खोट्या कागदांवर सरकारी रान बळकावून विकणं हा तिथला जुना धंदा आहे. तिथल्या वनसंहितेनुसार अ‍ॅमेझॉनच्या जंगलातल्या खाजगी मालकाला 80 टक्के रान राखावंच लागतं. म्हणजे कायदा आहे, अंमल कमी पडतो, आणि लातुरात बसून तो अंमल तुम्ही करू शकणार नाही. इंटरनेटवर ‘एक एकर जंगल तुमच्या नावे’ म्हणून प्रमाणपत्र मिळतं, त्यानं मालकी मिळत नाही. ती देणगी असते. द्यायची तर जरूर द्या, पण जमीन ज्या स्थानिक संस्थेच्या नावावर आहे तिचं नाव आणि तिथं किती वनरक्षक पगारावर आहेत हे विचारून द्या. कोस्टा रिकातलं ‘मुलांचं चिरंतन पर्जन्यवन’ 1987 मध्ये स्वीडनच्या शाळकरी मुलांच्या पैशातून सुरू झालं आणि आज 22 हजार हेक्टरांच्या वर आहे. ते टिकलं कारण मालकी तिथल्याच माँटेव्हर्देच्या संस्थेकडे आहे आणि गस्तीला पगारी माणसं आहेत. परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर आयकरातली 80-जीची सूट मिळत नाही, हेही ध्यानात ठेवा.

तुमच्यासाठी खरी जागा सह्याद्री. दोडामार्ग, सावंतवाडी, आंबोली, तिलारी, संगमेश्वर, राधानगरी या पट्ट्यात सदाहरित आणि निमसदाहरित रान आहे. रत्नागिरी जिल्ह्यात वनखात्याच्या ताब्यातली जमीन अगदी थोडी आहे, बहुतेक झाडोरा लोकांच्या सातबारावर आहे. म्हणूनच तिथं विकत घेऊन राखण्याला अर्थ आहे. गुत्तेदार (तिकडे ठेकेदार म्हणतात) उभं रान एकरकमी घेतो आणि जळणासाठी, कोळशासाठी साफ करतो. दोडामार्गाकडे रबर, अननस आणि काजूसाठी टेकड्या मोकळ्या झाल्या. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात मुंबई उच्च न्यायालयानं 2013 मध्ये वृक्षतोडीला बंदी घातली. बाकी ठिकाणी 1964 चा झाडे तोडण्याचं नियमन करणारा कायदा आहे. पण त्याच्या अनुसूचीत साग, खैर, ऐन, किंजळ, हिरडा, जांभूळ, आंबा, फणस अशा ठरावीकच जाती आहेत. सदाहरित रानातली कितीतरी झाडं त्यात बसतच नाहीत, त्यामुळे मालकाच्या संमतीनं झालेली तोड थांबवायला हाताशी फारसं काही राहत नाही.

तुम्ही शेतकरी आहात हा मोठा फायदा. मराठवाड्यात हैदराबाद कुळकायदा, कोकणात 1948 चा मुंबई कुळकायदा, पण महाराष्ट्रात कुठंही शेतजमीन असेल तर तिचा सातबारा आणि शेतकरी असल्याचा दाखला जोडून कोकणात जमीन घेता येते. शेतकरी नसलेल्याला कलम 63 खाली जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, म्हणून सहापैकी ज्याच्या नावावर जमीन नाही त्याला खरेदीखतात घेऊ नका. कमाल जमीनधारणा कायद्यात कोरडवाहू जमिनीची मर्यादा कुटुंबाला 54 एकर आहे आणि त्यात गावाकडचं वावरही मोजलं जातं.

आता सर्वांत महत्त्वाचं. घनदाट झाडी असलेली खाजगी जमीन मुळात विकणाऱ्याची उरली आहे का ते पाहा. महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) कायद्यानं 30 ऑगस्ट 1975 रोजी राज्यातली खाजगी वनं सरकारजमा झाली. कलम 22-अ खाली काही मालकांना 12 हेक्टरांपर्यंत जमीन परत मिळाली, पण कित्येक गटांचा घोळ अजून आहे. सातबाराच्या ‘इतर हक्क’ रकान्यात ‘खाजगी वन’, ‘वनसंज्ञा’ किंवा भारतीय वन अधिनियमाच्या कलम 35(3) ची नोंद दिसली तर थांबा. रकाना कोरा असला तरी निर्धास्त होऊ नका, कारण जुना शेरा संगणकीकरणात गळालेला असू शकतो. 1975 पासूनचे सगळे फेरफार काढा आणि उपवनसंरक्षकांच्या कार्यालयाला गट नंबर देऊन लेखी विचारा. लेखी उत्तर येईपर्यंत इसार नको. चांगलं रान बघून मन भरतं आणि माणूस घाई करतो. नेमकी तिथंच, दाट झाडीच्या जमिनीत, ही अडचण जास्त असते.

दुसरी अडचण मराठवाड्यातल्या माणसाच्या सहसा लक्षात येत नाही. आपल्याकडे सातबारावर दोन-चार नावं असतात. कोकणात एकाच गटावर तीस-चाळीस सहहिस्सेदार सापडतात, निम्मे मुंबईला, काहींच्या वारसनोंदी दोन पिढ्या झालेल्या नाहीत. एका भावकीनं आपला हिस्सा विकला तरी वाटप झालेलं नसेल तर तुमच्या वाट्याला कोणतं रान आलं ते कुणीच सांगू शकत नाही. बाकीच्या हिस्सेदारांनी गुत्तेदाराला तोड दिली की तुमचा आक्षेप वर्षानुवर्षं कोर्टात लोंबकळतो. म्हणून वाटप आणि पोटहिस्सा पडलेलाच गट घ्या, नाहीतर सगळ्यांच्या सह्या घ्या. मुखत्यारपत्र आणि नोटरी केलेला करार यांनी मालकी येत नाही.

कुळाच्या जमिनीवर कुळकायद्याच्या कलम 43 चा शेरा असतो. खरेदीचं प्रमाणपत्र मिळून दहा वर्षं झाली असतील तर आकाराच्या (म्हणजे शेतसाऱ्याच्या) चाळीसपट रक्कम भरून ती विकता येते, पण हे काम विकणाऱ्यानं आधी पूर्ण करायला हवं. आदिवासी खातेदाराच्या जमिनीच्या वाटेला जाऊ नका. महसूल संहितेच्या कलम 36 आणि 36-अ खाली परवानगीशिवाय झालेला व्यवहार रद्द होतो, आणि रान राखण्यासाठी कातकऱ्याची जमीन जाणं हे मुळातच बरोबर नाही.

तुकड्याच्या लांबी-रुंदीकडे नीट बघा. रानाच्या कडेचा सुमारे 50 मीटर पट्टा वाऱ्यानं आणि उन्हानं सुकतो, तिथं रानमोडी आणि घाणेरी ही तणं घुसतात. चार हेक्टर (दहा एकराला थोडं कमी) जागा 200 बाय 200 मीटर अशी चौकोनी असेल तर आतला खरा ओलावा धरणारा गाभा 100 बाय 100, म्हणजे एक हेक्टर उरतो. तेवढीच जागा 50 बाय 800 मीटरची पट्टी असेल तर गाभा शून्य. म्हणून राखीव वन, संवर्धन राखीव क्षेत्र किंवा जुनी देवराई यांना लागून असलेला तुकडा घ्या. पलीकडचं रान आपलं नसलं तरी ती बाजू कडेत मोजावी लागत नाही. उगमाचा झरा आत असेल तर त्या जागेला जास्त भाव द्यायला हरकत नाही.

खरेदीआधी भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून ‘क’ प्रत (मोजणीचा नकाशा) घ्या आणि शेजाऱ्यांसमक्ष कोपऱ्यांवर दगड रोवा. वकिलाकडून तीस वर्षांचा शोध, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, मग दस्त. दस्तात ‘उभ्या झाडझाडोऱ्यासह’ हे शब्द हवेतच आणि झाडांचा कुणाशीही करार झालेला नाही अशी विकणाऱ्याची हमीही हवी. पैसे दिल्यावर गुत्तेदार जुना तोडीचा करार घेऊन उभा राहतो, हा नेहमीचा प्रकार आहे. गावाची देवळाकडे जाणारी वाट, झऱ्यावरून गेलेली पाण्याची पाईप, गुरं जाण्याचा रस्ता हेही दस्तात लिहून मान्य करा. वाट अडवणारा नवा मालक गावाला शत्रू वाटतो, आणि त्या रानाला वणवा लागला तर विझवायला कुणी येत नाही.

सहा नावांवर घेतलेली जमीन पुढच्या पिढीत वीस वारसांची होते आणि त्यातला एक विकायला काढतोच. यावर दोन मार्ग आहेत. सार्वजनिक न्यास (ट्रस्ट) केला तर त्याची स्थावर मिळकत धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीशिवाय विकता येत नाही, हे कुलूप भक्कम आहे. मात्र न्यास शेतकरी ठरत नाही, म्हणून त्याच्या नावे जमीन घ्यायला किंवा बक्षीसपत्र करायला आधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दुसरा मार्ग वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 36-क चा: खाजगी जमीनही मालकाच्या इच्छेनं ‘समुदाय राखीव क्षेत्र’ जाहीर होऊ शकते आणि त्यानंतर तिचा वापर व्यवस्थापन समितीच्या ठरावाशिवाय व सरकारच्या मान्यतेशिवाय बदलता येत नाही. याला वेळ लागतो, पण अर्ज खरेदीच्या वर्षीच करावा असं माझं मत आहे.

आता पैसा. गावातलाच एक राखणदार, महिना 12 हजार, म्हणजे वर्षाला 1 लाख 44 हजार. ठेवीवर 6 टक्के व्याज धरलं तर एवढ्यासाठीच 24 लाखांची ठेव लागते, आणि सगळं व्याज खर्चलं तर त्याचा पगार कधीच वाढत नाही. म्हणून तीस लाखांत पूर्ण वेळचा माणूस आणि जमीन दोन्ही बसत नाही. जमेल ते असं: 15 लाखांत जमीन आणि दस्ताचा सगळा खर्च, 15 लाख ठेवीत. त्याचं वर्षाचं व्याज 90 हजार. त्यातून नोव्हेंबर ते मे असे सात महिने राखणदार ठेवला तर 84 हजार जातात. तोड आणि वणवा दोन्ही याच महिन्यांत होतात. पाऊस सुरू झाला की ट्रक वर चढत नाही. माणूस लातूरहून नेऊ नका. सालगडी जसा शिवाराची खडान्‌खडा माहिती असलेला लागतो, तसाच हाही त्याच वाडीतला हवा. पगार दर महिन्याला, न चुकता. पगार थकला की आधी गस्त बंद पडते, मग गुत्तेदार त्यालाच पैसे देतो.

सड्याच्या (कातळी पठाराच्या), गवताच्या बाजूनं जाळरेषा डिसेंबर-जानेवारीत काढा, तीन ते सहा मीटर रुंद, गवत कापून बाहेर काढलेलं. सदाहरित रान आतून सहसा पेटत नाही, आग कडेनं खात येते आणि दर वर्षी थोडं आत सरकते. चहूकडून तारेचं कुंपण करू नका, गवा आणि सांबर अडकतात आणि खर्चही वाया जातो. रस्त्याच्या बाजूला पाटी आणि दगड पुरेत. आत झाडं लावण्याचा मोह टाळा. बी आसपास आहे, रान आपोआप भरतं. फक्त कडेची रानमोडी फुलण्याआधी उपटा. दर वर्षी पीक पाहणीत झाडांची नोंद करा. तिथं दुसऱ्याच कुणाचं नाव वहिवाटीला लागलं आणि बारा वर्षं कुणी हटकलं नाही तर प्रतिकूल ताब्याचा दावा उभा राहतो.

खरं सांगायचं तर तुमच्या रकमेला मी आधी करार सुचवेन. गुत्तेदार मालकाला तोडीचे जे देतो तेवढे पैसे तुम्ही हप्त्यानं द्यायचे आणि ठरावीक वर्षं त्यानं तोडायचं नाही. पुण्याची अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन संगमेश्वराकडे खाजगी मालकांशी असेच संवर्धन-करार करत आली आहे. जमिनीचा भाव आणि तोडीचा भाव यांत मोठा फरक असतो, म्हणून त्याच पैशात कितीतरी जास्त रान उभं राहतं, मालक गावातच राहतो आणि राखणही तोच करतो. उणीव ही की अमेरिकेसारखा जमिनीलाच कायमचा चिकटणारा संवर्धन-करार आपल्या कायद्यात नाही. मालकानं जमीन विकली तर नवा मालक बांधील राहीलच असं नाही. म्हणून करार नोंदवा, हप्ते वर्षाअखेरी रान पाहून द्या आणि विकायची वेळ आली तर आधी तुम्हाला विचारायचं अशी अट घाला. कराराची ही वर्षं गाव कळण्याचीही होतात. मग त्याच मालकाकडून घेतलेली जमीन जास्त टिकते.

मराठवाड्यात पर्जन्यवन नाही. लातूर जिल्ह्याचं वनाच्छादन तर एक टक्काही भरत नाही. किनवट-माहूर, गौताळा, येडशीचा रामलिंग घाट इथं शुष्क पानझडी रान आहे आणि ते बहुतेक वनखात्याचं, त्यामुळे विकत घेण्याजोगं थोडंच. गौताळ्याच्या कडेचं मालकीचं माळरान मात्र प्लॉटिंगला किंवा नांगराला जाण्याआधी घेता येईल. तिथं राखायचं ते गवत. दाट झाडं लावलीत तर माळरानावरच्या प्राण्यांची आणि पाखरांची जागाच जाईल.

सह्याद्रीतली जागा ठरली तर इसार देण्याआधी ती दोनदा पाहा: दिवाळीनंतर, तोडीचे ट्रक सुरू होतात तेव्हा, आणि एप्रिल-मेमध्ये, झऱ्याला पाणी आहे की नाही आणि वणवा कुठवर आला होता हे दिसतं तेव्हा. वनखात्याचं लेखी उत्तर हाती आल्यावरच इसार द्या आणि इसारपावतीत मोजणीच्या ‘क’ प्रतीची अट घाला. ती पूर्ण झाली नाही तर इसार परत, हेही त्यातच लिहा.