क्रूझ मुरगावला आठ तास थांबणार आहे. जुने गोवे आणि मंगेशी दोन्ही होईल का?

होईल, फक्त समुद्रकिनाऱ्याचा मोह सोडा. बंदरापासून जुने गोवे साधारण ३० किलोमीटर. नव्या झुआरी पुलामुळे कुठ्ठाळीची कोंडी बरीच सुटली, तरी जायला तास धराच. मी वास्कोत टॅक्सी चालवतो, क्रूझवाल्यांसाठी माझा क्रम ठरलेला: आधी १६०५ साली बांधून झालेली बासिलिका (बॉम जीझसचं चर्च), रस्ता ओलांडला की से कॅथेड्रल, मग प्रियोळचं मंगेशी. (देवळात हाफ पँट चालत नाही, लुंगी गाडीत ठेवतो.) रविवारी मात्र उलट करा, सकाळी बासिलिकेत मिस (चर्चमधली सामूहिक प्रार्थना) असते. आणि घड्याळ जहाजाचंच पाहा. परदेशातून आलेल्या जहाजावरची वेळ कधीकधी आपल्यापेक्षा वेगळी असते. शिवाय सुटायच्या बरंच आधी शिडी उचलतात.