३.९ मोठं की ३.१०?

प्रश्न : मी नववीला गणित शिकवते. शाळेच्या संगणकांवर पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेची ३.९ ही आवृत्ती आहे. एक विद्यार्थी म्हणाला, "बाई, ३.१० नवीन आहे, ते घालू या." मी म्हटलं, ३.१० म्हणजे ३.१, ते जुनं. तो ऐकेना. कोण बरोबर? शिवाय उबुंटू ही ऑपरेटिंग सिस्टिम २४.०४ घ्यावी की २४.१०?
– एक शिक्षिका, जि. सातारा

उत्तर : बाई, विद्यार्थी बरोबर आहे, आणि हे त्याला वर्गासमोर सांगाच. ते टिंब दशांशचिन्ह नव्हे. तुमच्या पुस्तकात सरावसंच ३.२ म्हणजे तिसऱ्या प्रकरणातला दुसरा संच. तसंच इथे 'तीन, नऊ' झालं की 'तीन, दहा'. पायथॉन ३.९ ऑक्टोबर २०२० मध्ये आलं, ३.१० वर्षभराने.

मीही यात अडकले आहे. एका फाइलमध्ये मी ३.१० अवतरणचिन्हांशिवाय लिहिलं. संगणकाने ती संख्या समजून शेवटचं शून्य गाळलं आणि ३.१ शोधत बसला. चूक सापडेपर्यंत अर्धी रात्र सरली. तेव्हापासून आवृत्तीचा आकडा मी अवतरणचिन्हांतच लिहिते.

बऱ्याच सॉफ्टवेअरच्या आवृत्तीत तीन आकडे असतात. शेवटचा वाढला तर नुसती दुरुस्ती, मधला वाढला तर नवी सोय, पहिला वाढला तर जुने प्रोग्रॅम बंद पडू शकतात. पायथॉन २ मधली कंसाशिवायची प्रिंटची ओळ ३ मध्ये चालत नाही, ती यामुळेच. सगळेच हा नियम पाळतात असं नाही. २०११ मध्ये लिनक्स कर्नल (लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) २.६.३९ वरून थेट ३.० झालं, पण मोडलं काही नाही. आकडे लांबत चालले होते आणि लिनक्सला वीस वर्षं होत होती, एवढंच. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ यांच्या टेक (TeX) या मजकूर-जुळणीच्या प्रोग्रॅमचा आकडा तर दर नव्या आवृत्तीला पायच्या (π) एक घर जवळ सरकतो. २०२१ मध्ये तो ३.१४१५९२६५३ झाला. इथलं टिंब मात्र खरोखर दशांशचिन्ह आहे. मुलांना हे जरूर दाखवा.

उबुंटूचा आकडा म्हणजे वर्ष आणि महिना. २४.०४ एप्रिल २०२४ ची, २४.१० ऑक्टोबरची. २००६ मध्ये एप्रिलची आवृत्ती दोन महिने लांबली, तर तिचा आकडाच ६.०६ केला. हा प्रामाणिकपणा मला फार आवडतो.

शाळेसाठी २४.०४ घ्या. २४.१० ला सुरक्षा-दुरुस्त्या नऊच महिने होत्या, २४.०४ ला पाच वर्षं आहेत. शिवाय तिच्यात पायथॉन ३.१२ आधीच असतं, त्यामुळे ३.१० वेगळं घालायला नको.