पहिल्या लांब खेपेआधी

ट्रकचं लायसन आलं, बेस झालं भाऊ! पण नवे पोट्टे आधी टायरात मार खातात. मे महिन्यात अकोला-नागपूर पट्ट्यात डांबर नुसतं भाजतं. हवा सकाळी, टायर थंड असतानाच तपास. चालून गरम झालेल्या टायरातली हवा वाढली म्हणून सोडू नको, थंड झाल्यावर कमी पडते.

बाकी सध्या एवढंच:
- ई-वे बिलाची (मालासोबत लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाची) मुदत पाहूनच नीघ. साध्या मालाला २०० किलोमीटरमागे एक दिवस.
- कापसाच्या गाठी असल्या तर पहिल्याच थांब्यावर दोर पुन्हा आवळ. ढिला होतोच.
- पहाटे डोळे जड झाले की ढाब्याच्या आवारात गाडी लाव, रस्त्याच्या कडेला नाही. चहानं झोप जात नाही बाप्पा. मालकाचा फोन येईल, येऊ दे.

डिझेलच्या अ‍ॅव्हरेजचं नंतर सांगतो.