मॅक्रो ‘फिरून राहिला’ की अडकला?

प्रश्न नागपूरच्या धरमपेठेतल्या एका वाचकाचा आलाय. टेक या अक्षरजुळणीच्या संगणकप्रणालीत पुस्तक लावताना त्यांनी पुण्याच्या सहकाऱ्याला फोनवर सांगितलं, ‘मॅक्रो फिरून राहिला.’ (मॅक्रो म्हणजे एका नावामागे ठेवलेला मजकूर; नाव दिसलं की त्याच्या जागी तो येतो.) सहकाऱ्याने घाबरून तो बंदच करायला लावला. तर इन्फिनिट लूपला, म्हणजे कधीच न संपणाऱ्या फेऱ्यांना, मराठीत नेमकं काय म्हणावं, ‘अनंत आवर्तन’ चालेल का?

आधी फोनचं. आपल्या नागपुरीत ‘फिरून राहिला’ म्हणजे नुसतं ‘फिरतो आहे’. ‘जेवून राहिलो’ म्हणणारा दहा मिनिटांत हात धुतो. पुण्याच्या कानाला त्यात ‘थांबतच नाही’ ऐकू आलं, एवढंच.

‘अनंत आवर्तन’ मला पटत नाही. तालाचं आवर्तन समेवर येऊन पुरं होतं. शिवाय डोनाल्ड कनुथ यांच्या टेकमध्ये लूप नावाची मूळ आज्ञाच नाही. मॅक्रो स्वतःलाच हाक मारतो, त्याचा लूप होतो. आता ‘क म्हणजे क’ अशी व्याख्या केली, तर टेक कच्या जागी क ठेवतो, मग पुन्हा क. कागदावर काही उमटत नाही, मेमरीही भरत नाही. तुम्ही थांबवाल तेव्हाच थांबणार. ही तर आपली कापूसकोंड्याची गोष्ट!

‘कापूसकोंड्याची गोष्ट सांगू का?’
‘सांग नं.’
‘सांग नं काय म्हणतं, कापूसकोंड्याची गोष्ट सांगू का?’

हो म्हणा, नको म्हणा, गोष्ट सुरूच होत नाही. (सी या संगणकभाषेत मॅक्रो उलगडणाऱ्या प्रीप्रोसेसरला हा खेळ माहीत आहे. विस्तार चालू असताना मॅक्रोचं स्वतःचंच नाव पुन्हा आलं, तर तो ते तसंच सोडून देतो.)

पण ‘क म्हणजे क, मग ख’ लिहिलं की प्रकरण वेगळं. प्रत्येक फेरीत एक ख मागे उरतो, उधारी साचत जाते आणि शेवटी ‘कपॅसिटी एक्सीडेड, सॉरी’ म्हणत टेक हात टेकतो. हे मारुतीचं शेपूट. वाढतं खूप, पण अनंत नाही.

शास्त्रीय शब्द हवे असतील तर न्यायशास्त्रात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, तयार आहेत. स्वतःवरच टेकलेला तो आत्माश्रय, कने खला आणि खने कला बोलावलं की अन्योन्याश्रय, तिघांत फिरलं की चक्रक, मागे मागे जातच राहिलं की अनवस्था. मला ‘अनवस्था’ फार आवडतो. पण छापायला दिला की मुद्रितशोधक त्याचं ‘अनास्था’ करणार, हे मी भोगलंय.

तेव्हा फोनवर ‘मॅक्रोचा कापूसकोंडा झाला’ म्हणा, पुण्यातही कळेल. नुसता चालू असेल, तर तिकडच्यांपुरतं ‘फिरतोय’.